असेल तेच सांगायचं

चहा ओतता ओतता माझ्या लक्षात आलं, तिसरा कप अर्धाच आहे.

कान दिसत होता, कानाला लागून थोडी कड दिसत होती आणि पुढे काहीच नव्हतं. काळोख नव्हता, धुकं नव्हतं. नुसतं काहीच नव्हतं. मी मान जराशी वळवली, तेव्हा कप पुरा झाला आणि बशी गेली.

‘आज नको,’ मी मनात म्हटलं. ‘आजचा दिवस नको.’

बाहेरच्या खोलीत दाजी बसले होते. भालचंद्रदाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनचे यजमान. शालन काविळीने गेली तेव्हा तिची चारू अजून रांगतही नव्हती. दाजींनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले होते, “इंदू, मला काही सुचत नाही. तुझ्याजवळच राहू दे.” मी तासगावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, लग्न केलेलं नव्हतं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. त्या दोन खोल्यांत चारू वाढली. आता ती तिसरीत होती. दाजींनी आदल्या वर्षी कराडला दुसरं लग्न केलं होतं, आणि आज ते त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताराआक्कांना घेऊन आले होते. मुलीला न्यायचं की ठेवायचं, ते ठरवायला.

“पोरीचं मन असेल तसं करू,” असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. चारूचं मन मला ठाऊक होतं. भीती फक्त या डोळ्यांची होती. माझ्या डोळ्यांचं हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

चारू स्वयंपाकघराच्या दारात आली. माझी मान वाकडी बघितली आणि पायांचा आवाज न करता जवळ आली.

“काठ?” तिने हळूच विचारलं.

“हं.”

“मोठा?”

“आत्ताच आलाय. वाढेल.”

तिने माझ्या हातातली किटली काढून घेतली.

काठ हे आमचं घरातलं नाव. तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी चारूचा हात धरून शाळेतून घरी येत होते. नजरेच्या एका कोपऱ्यात काहीतरी चकाकायला लागलं, करवतीच्या दात्यांसारखं, वाकडंतिकडं. ते हलत होतं, पसरत होतं, आणि जिथून पसरत गेलं तिथलं सगळं पुसत गेलं. समोरून येणाऱ्या बाईला डोकं नव्हतं. मी घाबरून एका दुकानाच्या पायरीवर बसले. चार वर्षांची चारू विचारत होती, “काय झालं? काय झालं?” काय सांगणार? म्हटलं, “लुगड्याचा जरीचा काठ उन्हात कसा चमकतो? तसा काठ आलाय डोळ्यापुढे. त्याच्या आतलं दिसत नाही.”

“मग मी सांगू काय दिसतं?” ती म्हणाली.

अर्ध्या तासाने तो आपोआप गेला. नंतर डोकं दुखलं, पण फार नाही. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून, दिवा मारून तपासलं आणि सांगितलं, “बाई, डोळे ठणठणीत आहेत. ही अर्धशिशीच आहे. कुणाचं डोकं धरते, कुणाचे डोळे. येईल, जाईल. घाबरायचं नाही.”

तो येत राहिला, जात राहिला. आणि आमचा एक खेळ झाला. काठ आला की मी डोळे मिटून बसायचं आणि चारूने समोरचं सांगायचं. मी शेवटी मास्तरीणच. खेळातही शिकवल्याशिवाय राहवेना.

“बैल चाललाय,” ती म्हणायची.

“कसला बैल? असे हजार बैल आहेत.”

“पांढरा. एका शिंगाचा रंग उडालाय. गळ्यात घंटा नाही, पण घंटेची दोरी आहे.”

“आता दिसला मला.”

नियम एकच होता. असेल तेच सांगायचं. एकदा तिने मला खूश करायला हत्ती आणला रस्त्यावर, तर मी डोळे उघडून उठून बसले. म्हटलं, “चारू, मला दिसत नसतं तेव्हा तू सांगशील तेच माझ्यासाठी असतं. नसलेलं सांगितलंस तर मी कुठे जाऊ?” तिचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा कधी तिने नसलेलं सांगितलं नाही. पुढे हाच खेळ मी वर्गातही घेऊ लागले. अख्ख्या वर्गाने डोळे झाकायचे, एकाने खिडकीतून बघून सांगायचं. तेवढ्याने मुलं किती चांगलं बोलायला लागली!

तर त्या दिवशी चारूने कपांचा ट्रे उचलला आणि कुजबुजली, “तू माझ्या मागून ये. बाबा खुर्चीवर आहेत. आत्या पलंगावर, भिंतीकडे. मधे तिची पिशवी पडलीय, ती ओलांड.”

मी पिशवी ओलांडली.

“काय गं इंदू,” ताराआक्का घोट घेऊन म्हणाल्या, “मास्तरीण झालीस तरी साखर वंजळीनंच घालतीस व्हय? चहा हाय का पाक?”

“तुम्ही लांबून आलात आक्का, म्हणून घातली.”

“लांबनं आलं म्हणून मारून टाकतीस काय?” आणि त्या मोठ्याने हसल्या. आक्का मनाच्या मोकळ्या होत्या. शालनच्या आजारपणात तिचं सगळं त्यांनीच केलं होतं. त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दाजींचा चेहरा जिथे असायला हवा, तिथे काठ लखलखत होता. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघून बोलत होते. गुडघे पुरे दिसत होते. चारू माझ्या डाव्या अंगाला चिकटून बसली होती, कारण डावी बाजूच गेली होती. “आत्या, कप मावशीच्या डाव्या हाताशी ठेवलात ना? द्या, मी उचलते. बाबा, बशी पुढे केलीत, पोहे संपले वाटतं. मावशी वाढेल.” असं तिचं चाललं होतं. बघणाऱ्याला वाटावं, पोर जरा जास्तच बोलकी आहे.

“बोलते छान,” दाजी म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि थोडं परकेपणही.

“वर्गात बोलण्यात तिचा हात कुणी धरत नाही,” मी म्हटलं.

दाजींनी घसा साफ केला.

“चारू, इकडे ये बाळ.”

ती माझ्या डावीकडून उठली. ती बाजू एकदम गार पडली.

“कराडला आपलं घर आहे. मागे पेरूचं झाड आहे. शेजारी तुझ्याएवढ्या मुली आहेत. घरात शैलाकाकू आहे, ती तुझी वाट बघते. तुला यायचंय का? खरं खरं सांग. कुणी रागावणार नाही.”

“नको,” चारू म्हणाली.

“मावशीपाशीच राहायचंय?”

“हो.”

“बघ पुन्हा विचार करून.”

“केला.”

आक्कांना हसू आलं. “शालनच की गं ही! तीबी अशीच. एकदा न्हाई म्हनली की बरमदेव आला तरी न्हाईच.”

दाजी हसले नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठले होते.

“बरं,” ते म्हणाले. “मन मोडून न्यायचं नाही. शब्द दिलाय. इंदू, राहू दे तिला. मी येत जाईन अधनंमधनं.”

चारू धावत आली आणि माझ्या कमरेला तिने मिठी मारली. झालं होतं. सगळं पार पडलं होतं. आता फक्त पाहुण्यांना वाटेला लावायचं होतं, आणि काठ तेवढ्यात विरून जाणार होता.

“चल भाल्या, गाडी चुकंल,” म्हणत आक्का दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. “इंदू, सवाशिणीला असंच धाडतीस व्हय? कुंकू लाव की.”

कसं विसरले मी! मी देव्हाऱ्यापुढचा करंडा आणला. तो हाताला सवयीने सापडला. आक्का समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला. खाली त्यांची हनुवटी होती, हनुवटीवरचं हिरवं गोंदण होतं. वर भांग होता. मधलं सगळं गेलं होतं. कपाळ नव्हतं.

“मी लावते आत्याला!” चारू एकदम म्हणाली.

“तू मागनं लाव गं. आदी थोरल्यांनी लावायचं,” आक्का म्हणाल्या.

मी मान कलती करून बघायला हवं होतं. पण सवाशिणीला कुंकू लावताना कुणी तोंड फिरवून लावतं का? रोज आरशात लावतेच की, असं म्हणत मी अंदाजाने बोट नेलं.

“वर!” चारू ओरडली. “वर, मावशी! अजून वर!” तिने माझं मनगट धरलं होतं.

बोटाखाली पापणी फडफडली.

“आगं बया! डोळ्यात गेलं की गं!” आक्का पदराने डोळा पुसायला लागल्या. “असं काय करतीस? दिसत न्हाई काय तुला?”

“आक्का, चष्म्याचा नंबर...” मी सुरुवात केली.

“चष्मा नाही,” चारू म्हणाली. तिला मीच शिकवलं होतं. “काठ आलाय. काठ आला की अर्धा तास हिला दिसत नाही नीट. मग सगळं दिसतं. आत्या, तुम्ही घाबरू नका. मला सगळं दिसतं. मी सांगते ना तिला.”

दाजी परत खुर्चीवर बसल्याचा आवाज आला.

“केव्हा येतं हे?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे नाही, चारूकडे बघून. तेवढं आवाजावरून कळलं.

“केव्हाही येतं. म्हणून तर मी वर्गात दाराशी बसते. दारातून मावशीचा वर्ग दिसतो. तिने खडू ठेवला आणि टेबलाला धरलं की समजायचं, आला. मग मी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारते आणि येते.”

तिच्या वर्गाच्या शिंदेबाई मला दोनदा म्हणाल्या होत्या, ‘हुशार आहे, पण लक्ष दाराबाहेर असतं.’ मी घरी येऊन चारूला त्यावर बोललेही होते.

“आणि खेळायला?” दाजींनी विचारलं.

“खेळते की. पायरीवरच खडूने चौकट आखून खेळते. दोरीच्या उड्यांना जात नाही. मुली लांब, देवळापाशी उड्या मारतात. तिथनं हाक ऐकू येत नाही.” चारू अगदी रंगात आली होती. माझी बाजू ती मांडत होती. “सहलीलाही नाही गेले मी, सागरेश्वरला. पोट दुखतंय म्हटलं. दिवसभर कोण सांगणार हिला?”

“पोट दुखत नव्हतं?” मी विचारलं.

“नव्हतं,” ती म्हणाली. मग घाईघाईने, “पण ते काठ आला तेव्हाचं सांगणं नव्हतं ना! नुसतं असंच होतं.”

आक्कांचं डोळा पुसणं थांबलं होतं. “केवढीशी पोर ही,” त्या एवढंच म्हणाल्या.

मी दाजींच्या रागाची वाट बघत होते. राग आला असता तर मीही भांडले असते. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं असतं, इतकी वर्षं कधी काही कमी पडलं का, असं विचारलं असतं. सगळं तयार होतं माझ्या तोंडात.

“इंदू,” ते म्हणाले, “मला सांगायचं होतंस गं. सोबतीला एखादी बाई ठेवली असती. अजूनही ठेवू. मी शब्द फिरवत नाही. तिला राहायचंय तर राहू दे.”

चारूने सुटकेचा श्वास सोडला. तिचा हात माझ्या हातात आला. काठ आला की यायचा तसाच, बोटांत बोटं अडकवून, घट्ट. मी त्या हाताकडे बघितलं. मान कलती करून बघितलं, तेव्हा दिसला. नखांत खडूची भुकटी होती. दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलींच्या तळव्याला घट्टे पडतात. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींना होते. हा तळवा मऊ होता.

“दाजी,” मी म्हटलं, “परीक्षा झाली की न्या तिला.”

तिला आधी समजलंच नाही. मग तिने माझा हात हलवला.

“मावशी, जाईल ना आत्ता तो! जातोच की! बाबा, तुम्ही थोडा वेळ थांबा, तुम्हाला दाखवते, जातो तो. आत्या, सांगा ना त्यांना थांबायला!”

आक्कांनी तिला जवळ घेतलं. मला ते दिसलं नाही. बांगड्या वाजल्या, एवढंच.

काठ गेला, नेहमीसारखा. सगळं लख्ख दिसायला लागलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. चारू मोरीत पाठमोरी बसून कप विसळत होती, पुन्हा पुन्हा तेच कप.

परीक्षेपर्यंतच्या दिवसांत ती रुसली नाही, रडली नाही. मी तिला दोरी आणून दिली. ती खुंटीला तशीच राहिली. एकदा वेणी घालताना तिने विचारलं, “मी चुकीचं सांगितलं का गं बाबांना?”

“नाही. असेल तेच सांगितलंस.”

“मग?”

मी मुलांच्या कुठल्याही प्रश्नाला ‘नंतर सांगते’ म्हणत नसे. त्या दिवशी म्हटलं.

न्यायला दाजी एकटेच आले. आम्ही तिघं एसटी स्टँडवर गेलो. द्राक्षांचा हंगाम सरत आला होता, फलाटावर रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या होत्या. मी आदल्या रात्री झोपले नव्हते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. डॉक्टर सांगायचे, उपाशी राहू नका, जागरण करू नका. दाजी चारूला घेऊन गाडीत चढले. ती खिडकीशी बसली, आणि मी तिच्याकडे नीट बघून घ्यावं म्हणून मान वर केली, तर तिच्या गालाशी एक ठिणगी चमकली.

मी डोळे मिटले, उघडले. ठिणगीचे दाते झाले, दात्यांचा काठ झाला. फ्रॉकच्या बाहीचा फुगा, पुढे रिबिनीचं टोक, आणि मधे माझी चारू नव्हती. मी उजवीकडून बघितलं, खालून बघितलं. गाडीचा पत्रा दिसत होता, पत्र्यावरचा चिखल दिसत होता, माणसांच्या कोपरांनी भरलेल्या खिडक्या दिसत होत्या. नेमकी तीच खिडकी पुसली जात होती.

“मावशी,” आवाज आला. “आला ना?”

“नाही गं. नाही आला.”

“आलाय. मान वाकडी केलीस.”

ड्रायव्हर चढला. दार आपटलं. गाडी थरथरायला लागली.

“मी सांगते,” चारू म्हणाली. “मी खिडकीत बसलेय. पिवळा फ्रॉक घातलाय, तू शिवलेला, फुग्याच्या बाह्यांचा. एका वेणीची रिबीन सुटलीय, ती बाबा बांधतील. बाबांच्या मांडीवर पिशवी आहे. पिशवीतनं दोरीची मूठ बाहेर आलीय. आणि मी...”

“आणि?”

“आणि मी हसतेय.”

“रडत नाहीस ना?”

“नाही. खूप हसतेय.”

गाडी हलली. मी हात वर केला, खिडकीच्या अंदाजाने. कुंकवाच्या वेळी चुकला तसा तो या वेळी चुकला नाही. माझ्या तळव्याखाली तिचा गाल आला. पार हनुवटीपर्यंत भिजलेला. फ्रॉकचा गळाही ओला होता.

“दिसले ना मी?” तिने विचारलं.

“दिसलीस,” मी म्हटलं.

आता मी खूप म्हातारी झाले आहे. नोकरी संपून किती काळ लोटला. संध्याकाळी गल्लीतली मुलं अजून माझ्याकडे येतात, डोळे झाकून खेळ खेळतात. काठही येतो, आता कमी येतो. चारूला विचाराल, तर तिला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. लहान होती.

तिच्या जाण्यानंतरच्या दिवाळीला ती चार दिवस आली होती. उंच झाली होती. शैलाला आई म्हणत होती आणि ते तिच्या तोंडी बसलं होतं. दुपारी मी करंज्या तळत होते, आणि कढईतली एक करंजी अर्धी झाली. मी स्टोव्ह बंद केला आणि भिंतीला टेकून पायरीवर बसले. चारू अंगणात होती.

तिला हाक ऐकू गेली असती. मी मारली नाही.

मी डोळे मिटले. दोरी जमिनीवर आपटत होती, सप्, सप्, सप्, अजिबात न चुकता. मी माझ्याशीच सांगायला लागले: चारू दोरीच्या उड्या मारतेय. केस सुटलेत. पायांत पैंजण आहेत. दारापाशी काय चाललंय, तिकडे तिचं लक्ष नाही. ती हसतेय. खूप हसतेय.

काठ विरेपर्यंत मी हेच सांगत राहिले. डोळे मात्र उघडले नाहीत.